तिसरं वाक्य

सुलतानबी मास्तरीणबाईंनी दिलेला गृहपाठ करायला धोंडुबाईला घरात जागा सापडेना.

गृहपाठ लिहायचा नव्हता, म्हणायचा होता. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत सुलतानबींच्या घराच्या माडीवर आठवड्यातून तीनदा बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. साल एकोणऐंशी. चौदा बायका पाटी घेऊन बसत. सहा महिन्यांत त्या सही करायला शिकल्या, बसची पाटी वाचायला शिकल्या. पण कुणी परक्यानं नाव विचारलं, की पदर तोंडावर घेऊन शेजारणीकडं बघायच्या. त्यावर सुलतानबींनी उपाय काढला. रोज सकाळी तीन वाक्यं स्वतःच्या कानाला ऐकू जातील अशी म्हणायची. ‘मी कुणापेक्षा कमी नाही.’ ‘मला सगळं जमतं.’ आणि तिसरं, ‘अमक्याला मी भीत नाही.’ अमक्याच्या जागी जिचं तिनं घालायचं.

“आणि खरंच भीत असलो तर वो बाई?” एकीनं विचारलं.

“मग दोनदा म्हणायचं,” सुलतानबी म्हणाल्या.

एकीनं अमक्याच्या जागी विंचू घातला, एकीनं डॉक्टरची सुई. चिमणाबाईनं जावेचं नाव घातलं आणि वर्गात मोठ्यानं म्हणून दाखवलं. जाऊ मागच्याच रांगेत बसली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

धोंडुबाईचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नवरा आकाराम, आतल्या खोलीत सासू बयाबाई. दोघांचेही कान चांगले. उरला मागचा गोठा. तिथं पहाटे पाचला हौशी म्हशीची धार काढताना धोंडुबाई एकटीच असे. बाकीच्या दोन म्हशी आकाराम बघायचा. संध्याकाळी त्यांना चौकातल्या दूधकट्ट्यावर न्यायचा आणि पैलवानांच्या पेल्यात फेसाळ धार काढून द्यायचा. हौशीच्या वाटेला मात्र तो जात नसे. तिचं रेडकू आठव्या दिवशी दगावलं होतं. तेव्हापासून ती पान्हा चोरायची, लाथ झाडायची आणि धोंडुबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही.

तर धोंडुबाईनं हौशीच्या मांडीला डोकं टेकवून गृहपाठ सुरू केला. पहिली दोन वाक्यं जमली. तिसऱ्यात तिनं आधी पाल घातली. पण पालीला ती भीत नव्हती आणि म्हशीसमोर खोटं बोलणं तिला बरं वाटेना. चौथ्या दिवशी तिनं दोनदा मागं वळून बघितलं आणि हळूच म्हणाली, “आकारामला मी भीत न्हाय.”

लग्नात उखाणा घेतला तेवढाच. त्यानंतर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं, तेही बिनयमकाचं. आभाळ काही कोसळलं नाही. उलट हौशीनं कान पाडले आणि असा पान्हा सोडला की चरवी काठोकाठ भरली. त्या दिवसापासून धार संपेपर्यंत ती तीन वाक्यं फिरून फिरून चालायची. असे दोन महिने गेले.

मग वारणानगरला बायकांचं तीन दिवसांचं शिबिर निघालं. सुलतानबींनी आपल्या वर्गातून पाच जणी निवडल्या, त्यात धोंडुबाई होती. तिथं प्रत्येकीनं उभं राहून चार शब्द बोलायचे होते.

“शिबिर म्हंजे काय असतंय?” बयाबाईंनी विचारलं.

“बायकांनी बोलायचं असतंय, आत्याबाई.”

“त्याला तीन दिवस लागत्यात? आमी धुण्यावर तासात उरकतोय.”

आकारामनं परवानगी दिली ती मोठ्या मनानं, आणि त्याहून मोठ्या आवाजात. शुक्रवारी सकाळी बायका रिक्षात बसत होत्या. सगळी गल्ली बघत होती. तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, “जा जा. तीन दिवस काय, तीन महिनं ऱ्हा. हितं कायबी अडत न्हाय!”

संध्याकाळी अडलं.

हौशीच्या पुढ्यात पेंड ठेवून आकाराम कासेला बसला. हौशीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, पेंड खाल्ली आणि थेंबभरही दूध दिलं नाही. त्यानं सड ओढले, कास चोळली, कोमट पाणी मारलं, आईवरून शिव्या दिल्या. शेवटी हौशीनं लाथेनं चरवी भिंतीवर पोचवली, तेव्हा तो उठला.

शनिवारी पहाटे पुन्हा तेच. आता कास तटून लाल झाली होती आणि हौशी मागचे पाय फाकून उभी होती. शेजारचा गुंडू गवळी आला. त्याच्या दावणीला सात म्हशी होत्या, त्यामुळं त्याच्या शब्दाला गल्लीत वजन होतं. त्यानं कासेला बोट लावून बघितलं.

“दगड झालाय मर्दा. आज सांजपतोर मोकळी झाली न्हाय तर सड बाद हुतील. जनावर हातचं जाईल.”

“मग करू काय?”

“वयनीचं लुगडं नेस. वासानं फसत्यात म्हशी.”

आकाराम लुगडं नेसला. अंगणाच्या दाराला कडी घालून नेसला, तरी ते गल्लीला कळलं. हौशीनं लुगडं हुंगलं. क्षणभर तिचे कान हलले. ती वाट बघत असल्यासारखी उभी राहिली. मग काहीच होत नाही म्हटल्यावर तिनं पुन्हा लाथ मारली.

“ती कशाची तरी वाट बघतीया,” गुंडू म्हणाला. “धार काढताना वयनी काय करतीया?”

आकारामला ठाऊक नव्हतं. तेरा वर्षांत धार काढताना तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पहाटे तो झोपलेला असायचा आणि संध्याकाळी दूधकट्ट्यावर.

“पुटपुटती कायतरी,” आतून बयाबाई म्हणाल्या. “मला वाटलं देवाचं म्हणती. दोन म्हैने झालं.”

“मग तू ऐकलं न्हाईस व्हय?”

“दुसऱ्याचं देवाचं कशाला ऐकू? जा आणि घिऊन ये तिला वारणेसनं.”

ते मात्र शक्य नव्हतं. तीन महिने राहा म्हणून गल्लीसमोर सांगितलेल्या बायकोला दुसऱ्याच दिवशी परत आणायला जायचं म्हणजे मिशी काढूनच फिरायला हवं होतं. फोन करण्यात तेवढी नामुष्की नव्हती. गल्लीत फोन एकच, रशीदभाईंच्या चपलांच्या दुकानात. रशीदभाईंनी ट्रंककॉल लावला आणि आकाराम दीड तास गिऱ्हाइकांच्या चपला बघत बसला.

तिकडं वारणानगरला धोंडुबाईची अवस्था हौशीपेक्षा फार वेगळी नव्हती. सकाळच्या बैठकीत तिचं नाव पुकारलं गेलं. साठ बायकांसमोर ती उभी राहिली, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघितलं आणि एक शब्द न बोलता खाली बसली. सुलतानबींनी पुढचं नाव पुकारलं. त्यामुळं तिला जास्तच वाईट वाटलं. दुपारी जेवणाची पंगत बसली असताना शिपाई ओरडत आला, “धोंडुबाई कोण? कोल्हापूरचा फोन हाय!”

हातातला घास टाकून ती धावली. ऑफिस पंगतीला लागूनच होतं आणि दार सताड उघडं होतं. आयुष्यात तिनं फोन धरला नव्हता. शिपायानं तो सुलटा करून दिला.

“आत्याबाई बऱ्या हाईत न्हवं?” ती म्हणाली.

“आई बरी हाय!” आकाराम दुकानात उभा राहून ओरडला. कोल्हापूर ते वारणानगर आवाज पोचवायचं काम तारेवर सोडायला तो तयार नव्हता. “हौशी पान्हा चोरालीया! कालपास्नं थेंब न्हाय! तू तिला काय म्हणतीस त्ये सांग!”

पलीकडं धोंडुबाईनं फोन पदराआड धरला.

“काय म्हणत न्हाय,” धोंडुबाई म्हणाली.

“आई म्हणती, पुटपुटतीस!”

“ते… वर्गातलं हाय. बाईंनी दिल्यालं.”

“मग सांग की! रशीदभाई, लिवून घ्या!”

रशीदभाईंनी चपलांच्या खोक्याचं झाकण पालथं केलं आणि पेन्सिल काढली. निपाणीचे एक पाहुणे एका पायात चप्पल घालून बसले होते. दुसरा पाय पुढं करून ते तसेच थांबले.

“पयलं, मी कुणापेक्षा कमी न्हाय,” धोंडुबाई म्हणाली.

“मी कुणापेक्षा कमी न्हाय!” आकारामनं झाकणाकडं बघत आवाज दिला. रशीदभाईंनी लिहिलं.

“दुसरं, मला सगळं जमतंय.”

“मला सगळं जमतंय! म्होरं?”

“म्होरलं ऱ्हाऊ द्या.”

“अगं जनावर मरालंय, ऱ्हाऊ द्या काय! सांग!”

“तिसरं… भीत न्हाय.”

“कुणाला?”

तारेत खरखर झाली. “तुमास्नी,” असं काहीतरी ऐकू आलं.

“काय?”

“तुमास्नी!”

“तुमास्नी?” आकाराम चक्रावला. “म्हशीला तू अवो-जावो करतीस?”

“न्हाय वो. म्हशीला… नाव घिऊन सांगते.”

“कुणाचं नाव?”

“तुमचं.”

“मग तसं म्हण की! शब्दाला शब्द पायजे! गुंडू म्हणतोय जनावर शब्दाला बांधल्यालं असतंय!”

तीन मिनिटं संपत आल्याचं मधल्या ऑपरेटरनं सांगितलं. धोंडुबाईनं डोळे मिटले. तळ्यावर डुंबायला गेलेल्या म्हशीला काठावरून हाळी घालावी, त्या आवाजात ती ओरडली, “आकारामला मी भीत न्हाय!”

नेमकी त्याच वेळी तारेतली खरखर थांबली होती. वाक्य दुकानात स्वच्छ उतरलं. निपाणीच्या पाहुण्यांनी पाय खाली ठेवला. रशीदभाईंची पेन्सिल थांबली.

“हे बी लिव्हू?” त्यांनी हळूच विचारलं.

आकारामनं फोनकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं. “लिव्हा,” तो म्हणाला. फोन बंद झाला.

वारणानगरला मात्र धोंडुबाई फोन धरून तशीच उभी होती. मागं वळली, तर पंगतीतल्या साठ बायका हात थांबवून तिच्याकडं बघत होत्या. एकीनं डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. मग सगळ्यांनीच मारली. उजवे हात आमटीभातात होते.

संध्याकाळी गोठ्यात चौघं जमले. लुगडं नेसलेला आकाराम कासेला, झाकण घेऊन रशीदभाई डोक्याशी, हौशीचा कासरा धरून गुंडू, आणि चुलीपुढचा पाट उचलून आणून त्यावर बयाबाई.

“मी कुणापेक्षा कमी न्हाय!” आकारामनं आखाड्यात ललकारावं तसं म्हटलं. हौशी दचकून बाजूला झाली.

“वयनी असं वरडत न्हाय,” गुंडू म्हणाला. “मऊ म्हण.”

आकारामनं आवाज मऊ केला. दुसरं वाक्य होईतो हौशीचे कान सैल पडले. सडातून एक बारीक धार आली. तिसऱ्या वाक्याशी मात्र तो अडखळला. त्याला एक युक्ती सुचली.

“धोंडीला मी भीत न्हाय,” तो म्हणाला.

धार बंद.

“अरे, जसं लिव्हलंय तसं वाच की,” रशीदभाई म्हणाले. “हे बघ, आ-का-रा-म-ला.”

“म्हण की मुडद्या,” बयाबाई म्हणाल्या. “जनावरापुढं कसली इज्जत?”

आकारामनं पदर कपाळावर आणखी खाली ओढला. “आकारामला मी भीत न्हाय,” तो हौशीच्या पोटाशी तोंड नेऊन पुटपुटला.

हौशीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि पान्हा सोडला. पहिल्या दोन धारा त्यानं जमिनीवर सोडल्या, मग चरवी लावली. मध्ये श्वास घ्यायला थांबलं, की दूधही थांबे. म्हणून तो थांबला नाही. कास मोकळी व्हायला अर्धा तास लागला. रशीदभाईंनी सवयीनं मोजलं होतं : तिसरं वाक्य एकशेचाळीस वेळा झालं.

रविवारी पहाटे गोठ्याच्या दारात तालमीतले अकरा पैलवान लोटे घेऊन हजर. दूध न्यायला एक जण पुरला असता.

“आमी आपलं ताजं न्यायला आलतो,” त्यांच्यातला थोरला म्हणाला.

आकारामनं डोळे मिटून धार काढली. सगळे आदबीनं ऐकत होते. शेवटी थोरला मान हलवून म्हणाला, “बराबर हाय. मर्दानं सवताला भिऊ नयेच.” बाकीच्यांनाही ते पटलं. दोघांनी तर जोर-बैठका मारताना म्हणायला म्हणून तिन्ही वाक्यं रशीदभाईंकडून लिहून नेली.

लोक गेले. आकाराम लुगडं सोडून पायरीवर बसला. एखादी गोष्ट तोंडानं दोन-तीनशे वेळा म्हटली, की कधीतरी ती कानातही शिरते. आकारामला भीत नाही म्हणून ही बाई रोज पहाटे म्हशीला सांगते. हा आकाराम कोण लागून गेला, असं त्याच्या मनात आलं.

“आई,” त्यानं विचारलं, “मी लई वरडतो व्हय गं?”

बयाबाई तांदूळ निवडत होत्या. “तुज्या बाच्या मानानं कमीच,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तो एस.टी. स्टँडवर गेला. धोंडुबाई उतरली ती मान वर करूनच. पिशवी त्यानं स्वतः घेतली. तिला ते विचित्र वाटलं, पण तिनं ती सोडली.

“बोललीस व्हय तितं?”

“आज दुपारी बोलले. धा मिनिटं. बाईंनी बसा म्हटल्यावर बसले.”

“कशावर?”

“म्हशीवर. पान्हा कसा चोरत्यात, का चोरत्यात. लई हासल्या बायका. मागनं गप बसल्या.”

 चालता चालता आकाराम समोर बघत म्हणाला, “तू खरंच मला भीतीस?”

“भीत नसते तर रोज कशाला म्हटलं असतं?”

“मी कवा हात लावलाय तुला?”

“न्हाय की.”

“मग?”

“वरडतासा. दारात पायतान वाजलं, की माज्या हातनं भांडं सुटतंय.”

आकारामनं पायाकडं पाहिलं. “त्ये पायतानच वाजणारं हाय.”

“व्हय,” ती म्हणाली. “दरसाली वाजणारंच घेतासा.”

 घरापर्यंत त्यानं चवड्यांवर चालून बघितलं. चपला तरीही वाजत होत्या.

सोमवारी पहाटे धोंडुबाई धारेला बसली. तिच्या हाताचा वास येताच हौशीनं कान पाडले. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. मग तिला मागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. आकाराम गोठ्याच्या दारात अनवाणी उभा होता. ती घरात असताना पहाटे पाचला तो जागा असण्याची ही पहिलीच वेळ. ती गप्प झाली. धारही थांबली.

“म्हण की,” तो म्हणाला.

“तुमी हितं हाईसा न्हवं.”

“मी काल अकरा जणांम्होरं म्हटलोय. तुला एकट्याम्होरं म्हणायला काय हुतंय?”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग हौशीकडं तोंड न वळवता, सरळ त्याच्याकडंच बघत म्हणाली, “आकारामला मी भीत न्हाय.”

“बरं,” आकाराम म्हणाला.  चरवीत दूध वाजू लागलं, तसा तो वैरण आणायला निघून गेला.

चरवी भरली तेव्हा आतून बयाबाई आल्या.

“धोंडे, ऊठ. मला बसू दे.”

“आत्याबाई, दूध झालं काढून.”

“दूध कुणाला पायजे? ते तिसरं मला म्हणायचं हाय.”

“तुमी?” धोंडुबाईला हसू आवरेना. “तुमी वो कुणाला भीतासा?”

“हुता एक.” बयाबाई खाली बसल्या आणि त्यांनी हौशीच्या पाठीवर हात ठेवला. “ह्याचा बा. त्याला जाऊन अकरा वर्सं झाली म्हणा. गेलेल्या माणसाचं चालतंय का गं तुज्या बाईला?”

“चालत आसंल की,” धोंडुबाई म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

बयाबाईंनी घसा साफ केला. चाळीस वर्षांच्या संसारात आणि त्यानंतरच्या अकरा वर्षांत जे नाव त्यांच्या तोंडून आलं नव्हतं, ते त्यांना आधी मनात जुळवून बघावं लागलं.

“बाळासोला मी भीत न्हाय,” त्या म्हणाल्या.

हौशी रवंथ करत राहिली. मग बयाबाईंनी हळूच मान वळवून दाराकडं एकदा बघून घेतलं.